कापसाची परीक्षा

फेहेरतो गावच्या सांस्कृतिक भवनात पेन्शनरांच्या मंडळाने ठेवलेलं व्याख्यान मंगळवारी दुपारी तीनला सुरू झालं आणि चारला दहा मिनिटं कमी असताना संपलं. श्रोते सव्वीस. वक्ता केलेमेन तोर्दाई, वय सत्तर, सेगेदच्या विद्यापीठातून निवृत्त झालेला शरीरशास्त्राचा प्राध्यापक. विषय मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनीच ठरवला होता : दुखणं का दुखतं.

असली व्याख्यानं तोर्दाई महिन्यातून एखाददुसरं देत असे. आयुष्यभर त्याने उंदराच्या मज्जारज्जूचे, केसापेक्षा बारीक असे काप काढून पाहिले होते. पण ते तो बोलताना जाणवू देत नसे. मज्जारज्जू म्हणजे नुसती तार नव्हे, तो सांगत होता, की इकडे बोट चिमटलं आणि तिकडे मेंदूत घंटा वाजली. मध्ये एक चौकी असते. स्पर्शाचे निरोप एका रांगेत, दुखण्याचे दुसऱ्या रांगेत. चौकीतल्या काही पेशींचं कामच मुळी अडवण्याचं. एका रांगेतलं दुसरीत घुसू नये म्हणून त्या आडव्या उभ्या असतात. आता समजा सांध्यात दाह झाला, सूज आली. दिवसामागून दिवस दुखण्याचे निरोप येऊन थडकताहेत. अडवणाऱ्या पेशींचा जोर कमी होतो. आसपासच्या, एरवी नुसती झाडलोट करणाऱ्या पेशी बिथरतात आणि असलं काही पाझरवतात की सगळी चौकीच चिडकी होऊन बसते. मग साधा स्पर्श आला तरी त्याला दुखण्याच्या रांगेत ढकललं जातं.

"म्हणून पंजा सुजलेल्या उंदराला नुसता कापसाचा बोळा लावला, तरी तो पाय झटकतो," तोर्दाई म्हणाला.

"मी हात लावला की माझी बायकोही अशीच झटकते, प्रोफेसरसाहेब!" मागून एकजण ओरडला.

"मला सूज नाही आलेली. अक्कल आलीय," त्याच्या शेजारची बाई म्हणाली. सभागृह हसलं. तोर्दाईही हसला. त्या वाक्यावर कुठल्याही गावात कुणीतरी असं काहीतरी बोलतंच, हे त्याला ठाऊक होतं, आणि तो त्यासाठी थांबतही असे.

तिसऱ्या रांगेतली एक म्हातारी मात्र हसली नाही. ती उभी राहिली.

"माणसांचंही असंच?"

"अगदी असंच."

"कापसानं दुखतं?"

"दुखतं. भाजल्यासारखं दुखतं."

"हे कधीपासून ठाऊक आहे?"

"शास्त्रात ही कल्पना तशी जुनी आहे. पण सिद्ध व्हायला—"

"शास्त्राला नाही विचारलं मी. तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?"

तोर्दाईने तिच्याकडे नीट पाहिलं. चेहरा ओळखीचा नव्हता. "एक्याण्णवपासून," तो म्हणाला. ते खरं होतं.

"एक्याण्णव," म्हातारीने स्वतःशीच म्हटलं आणि ती खाली बसली.

नंतर पोगाचा नावाची खुसखुशीत खारट बिस्किटं आणि सोडा घातलेली वाइन फिरली. म्हातारी कोट घालून दाराशी थांबली होती. पर्स मनगटात नव्हे, कोपरात अडकवलेली. तोर्दाई जवळ गेला तो तिचे हात बघतच. बोटं सगळी करंगळीच्या बाजूला वळलेली, सांध्यांचे गड्डे झालेले, कातडी फिकट. खूप जुना संधिवात, आता विझलेला.

"मातिल्ड गेरा," ती म्हणाली. "चौऱ्याऐंशीचा ऑक्टोबर. इथलाच दवाखाना, पहिला मजला. टेबलावर हिरवं कापड होतं आणि तुम्ही सगळ्यात तरुण होतात."

बाई त्याला आठवली नाही. टेबल आठवलं. कापूस तर आठवण्याचा प्रश्नच नव्हता, तो तोर्दाई कधी विसरलाच नव्हता.

त्या काळी प्रत्येक भागात एक समिती बसे. कामगाराचं शरीर किती टक्के निकामी झालं, हे ती ठरवी. सदुसष्ट टक्के ठरले की कामातून सुटका. त्याच्या खाली आले की परत कामावर. विद्यापीठातल्या पगारात भागत नसे, म्हणून तोर्दाई आठवड्यातून एक दुपार फेहेरतोच्या समितीवर बसायला येई. समितीला सतत एकच धास्ती असायची, ढोंगी माणसाची. त्यावर तोर्दाईने, वय वर्षे एकतीस, स्वतःच्या बुद्धीने एक तोडगा काढला. दुखरा सांधा दाबला तर खराही कळवळतो आणि खोटाही. म्हणून दाबायचंच नाही. माणसाला मान फिरवायला सांगायचं आणि दुखऱ्या जागेवरून कापसाचा बोळा अलगद ओढायचा. कापसाने कुणाला दुखतं? जो दचकेल तो नाटक्या. समितीतले दोन म्हातारे डॉक्टर या युक्तीवर खूश झाले होते. एकाने तर जिल्ह्याच्या बैठकीत ती वर्णन करून सांगितली. तीन वर्षं तोर्दाईने ती वापरली. किती जणांवर, हे त्याने कधी मोजलं नाही.

एक्याण्णवच्या वसंतात, डावा पंजा सुजवलेल्या एका उंदराच्या मज्जारज्जूत बारीक सुई घालून तो ध्वनिक्षेपकावर एका पेशीची कडकड ऐकत होता. सहकाऱ्याने पंजावरून मऊ कुंचला फिरवला आणि ती पेशी पेटून उठल्यासारखी बोलू लागली. त्या शोधाने तोर्दाईला नाव मिळवून दिलं. त्या दुपारी तो प्रयोगशाळेबाहेरच्या संडासात जाऊन बराच वेळ बसला होता, हे कुणाला माहीत नव्हतं.

मातिल्डचं घर दहा मिनिटांवर होतं. तिने त्याला स्वयंपाकघरात बसवलं, कोट काढायला मात्र सांगितलं नाही.

"पन्नास टक्के दिलेत तुम्ही मला," ती म्हणाली. "कारखान्यात हंसांची पिसं काढायच्या पट्ट्यावर होते मी. उकळत्या पाण्यातून काढलेला हंस हातात घ्यायचा. परत तिथंच उभी केली. कारखाना बंद पडला तेव्हा सुटले. सहा वर्षं."

"मातिल्डबाई, मी तुमची—"

"थांबा. माफी नंतर. तुम्ही मला काय सांगणार? दुखतं हे मला ठाऊकच होतं, हात माझे होते. माझ्या नवऱ्याला, आम्ब्रुशला, सांगायला हवं होतं. समितीबाहेर बाकावर तो बसला होता. तुमचे ते म्हातारे डॉक्टर बाहेर येऊन त्याला हसत म्हणाले, गेरा, तुझी बायको नाटकात शोभेल. आम्ब्रुशनं ते घरी आणलं. मरेपर्यंत तो मला 'आमची नटी' म्हणायचा. रागानं नाही हो, लाडानं. तेच वाईट. भांडता पण येत नाही."

तिने कपाटावरचा एक फोटो कोपराने सरकवून पुढे केला. आठेक वर्षांची मुलगी शाळेच्या फाटकाशी आईच्या कोटाची बाही धरून उभी होती.

"एनिको. हात धरायला यायची आणि मी म्हणायचे, कोपर धर, बाही धर. पोराची बोटं केवढी हो, पण मला निखारा लागायचा. मी हात ओढून घ्यायचे. आणि घरात सगळ्यांना माहीत, आईच्या हाताला काही झालेलं नाही, डॉक्टरांनी तपासलंय. मग त्या पोरीनं काय समजायचं? आईला मी नकोय, एवढंच समजली ती."

"आता त्या—"

"आता सत्तेचाळीसची आहे. पलीकडच्या स्नानगावात, गरम पाण्याच्या हौदांशी मालीश करते. दिवसभर परक्यांची अंगं रगडते. दर रविवारी मला भेटायला येते, पिशव्या भरून आणते, खिडक्या पुसते, औषधं लावून देते. आणि वीस वर्षांत तिनं मला बोट लावलेलं नाही." मातिल्डने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "आता दुखत नाही. कधीच थांबलं. आता कुणीही धरावेत. मी सांगितलं तर ती म्हणेल, झालं आईचं सुरू. तुम्ही सांगा. ज्यानं नटी ठरवली त्यानंच सांगा. मी एकोणऐंशीची आहे, माझ्यापाशी फार रविवार नाहीत."

तोर्दाई म्हणाला, "सांगतो."

"आणि रविवारी जेवायला या. साक्षीदार लागेल."

गुरुवारी तो स्नानगावात गेला. एनिको गेरा दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये वीस मिनिटं मोकळी होती. रुंद खांद्यांची, आखूड केसांची बाई. पांढऱ्या सदऱ्याला तेलाचे डाग. ती त्याला मागच्या अंगणातल्या बाकावर घेऊन गेली. हौदांवरून गंधकाचा वास येत होता.

"आईनं पाठवलं ना?" ती म्हणाली. "बरंच काय काय करते ती. मागे पाद्रीबाबांना पाठवलं होतं. तुम्ही कोण?"

तोर्दाईने सांगितलं. समिती, कापूस, पन्नास टक्के. मग मज्जारज्जूतली चौकी, दाहाने बिथरलेल्या पेशी, स्पर्शाचं दुखणं होणं. नेहमीसारखं सोपं करून, पण विनोदासाठी न थांबता. "माझी परीक्षा उलटी होती," तो म्हणाला. "जे दचकले त्यांनाच सगळ्यात जास्त दुखत होतं. तुमची आई खोटं बोलत नव्हती. तुम्हाला दूर करत नव्हती. तिला सहन होत नव्हतं."

एनिको टॉवेलने एकेक बोट पुसत होती. पुसून झाल्यावर तिने पुन्हा पहिल्या बोटापासून सुरुवात केली.

"आणि पीस?" तिने विचारलं.

"कसलं पीस?"

"हंसाचं. कापसासारखंच का?"

"हो. पीस, कापड, वारा, काहीही."

"आमच्या घरात कापूस नव्हता, डॉक्टर. पिसांना मात्र तोटा नव्हता. समितीहून आल्यावर बाबांनी खेळ काढला. आई टेबलाशी बसली की मागून जायचं आणि हातावरून पीस फिरवायचं. ती किंचाळली की बाबा म्हणायचे, वा, पडदा पाडा, टाळ्या! मी पण शिकले. आठ वर्षांची होते. मी चांगली खेळायचे. मी जिंकले की बाबा इतके हसायचे, इतके हसायचे."

"तुम्ही लहान होतात. तुम्हाला काय माहीत."

"तेच सांगते. माहीत होतं." ती त्याच्याकडे न बघता बोलत होती. "कारखान्यातली सकाळची पाळी करून ती दुपारी झोपायची. एकदा ती गाढ झोपलेली असताना मी गेले. तोंड उघडं, घोरत होती. मी पीस फिरवलं. हात असा उडाला की पलंगाच्या कडेवर आपटला, आणि ती ओरडली. झोपेत कोण नाटक करतं? मला त्या क्षणीच कळलं. आठ वर्षांच्या पोरीला कळलं."

एनिकोने टॉवेलची घडी करून मांडीवर ठेवली.

"बाबांना मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर खेळ संपला असता. मग मी मनाशी ठरवलं, ती जागीच असणार. घोरण्याचं पण सोंग करत असणार. डॉक्टरांनी तपासलंय ना, एवढा शिकलेला माणूस चुकेल कसा. त्यानंतरही मी खेळले. वर्षभर. चाळीस वर्षं मला तुमचा आधार होता, डॉक्टर. आई नाटकी, आई थंड, आईला मी नकोशी. त्यावर मी नीट जगत होते. आणि तुम्ही वीस मिनिटांत येऊन तो काढून घेतलात."

आतून कुणीतरी तिला हाक मारली.

"तिला सांगा रविवारी मी येत नाही," एनिको उठत म्हणाली. "कुठल्या तोंडानं येऊ? तिचा हात धरायला सांगताय. ह्याच हातांनी?"

रविवारी तोर्दाई साडेअकराला फेहेरतोला पोचला. टेबलावर तीन ताटल्या होत्या. कोंबडीचं सूप मंद आचेवर होतं. शेवया वेगळ्या निथळत ठेवल्या होत्या. मातिल्डने निळा ब्लाउज घातला होता आणि केस कुणाकडून तरी बसवून घेतले होते.

"कोट काढा," ती म्हणाली. "काय म्हणाली ती?"

तोर्दाईने सगळं सांगितलं. काही गाळावं असं त्याला बसमध्ये वाटलं होतं, पण एक्याण्णवला गप्प राहण्याचे परिणाम समोर बसले होते. झोपेतल्या पिसापाशी येईपर्यंत मातिल्ड सूप ढवळत होती. मग तिने चूल बंद केली.

"ते मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय?"

"कळ आली तशी मी डोळे उघडले. समोर ही उभी, हातात पीस. तोंड असं झालेलं, काच फोडल्यावर पोरं करतात तसं. मी पटकन डोळे मिटून घेतले. परत घोरायला लागले. आपण पकडले गेलो असं वाटायला नको तिला." ती खुर्चीवर बसली. "मी मूर्ख. मला वाटलं, तिला फक्त माझं दुखणं ठाऊक नाही. आई नाटकी, ह्याच्यावरच ती पाय रोवून उभी आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

बाराच्या घंटा वाजू लागल्या. त्या संपेपर्यंत ती थांबली. मग तिने फोन ओढला आणि बोटाच्या वाकड्या सांध्याने एकेक आकडा दाबला. फोन टेबलावरच ठेवून आवाज मोठा केला, कारण तो तिला कानाशी धरता येत नसे.

"एनिको? अगं, तो तुझा प्रोफेसर आलाय इथं. सूप ढोसायला." ती फोनवर वाकली. "त्याचं काही मनावर घेऊ नकोस. मीच पढवून पाठवला होता त्याला. म्हटलं पोरगी जरा जवळ येईल. दुखायचं मला, नाही असं नाही, दाबलं की दुखायचं. पण पिसानं? काहीतरीच!"

"आई, तू झोपली होतीस."

"झोपली कसली! दार वाजलं तेव्हाच जागी झाले होते. तुझी चाहूल मला कळत नाही होय? म्हटलं बघू, हिला किती फसवता येतं. हात जरा जास्तच जोरात आपटला, लागलं मला ते."

"तू घोरत होतीस."

"तुझा बाप उगाच नटी म्हणायचा का मला?"

 मग एनिको म्हणाली, "डॉक्टर आहेत तिथं? त्यांना दे."

मातिल्डने कोपराने फोन टेबलावरून त्याच्याकडे सरकवला. ती त्याच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात विनंती नव्हती. समितीतल्या टेबलापलीकडून आपण लोकांकडे असंच बघायचो, हे तोर्दाईला जाणवलं.

"डॉक्टर," फोनमधून आवाज आला, "एकच विचारते. गाढ झोपेत माणूस पिसानं दचकेल का?"

उत्तर त्याला तोंडपाठ होतं. भूल दिलेल्या, काही म्हणजे काही जाणवत नसलेल्या उंदराच्या मज्जारज्जूतली ती पेशी त्याने तासन् तास बोलताना ऐकली होती. माणूस झोपतो, चौकी झोपत नाही. या एका वाक्यावर त्याच्या पुस्तकातलं एक अख्खं प्रकरण उभं होतं.

"नाही," तो म्हणाला. "झोपेत नाही. दचकला असेल तर माणूस जागाच असणार."

"नक्की?"

"नक्की. मी गुरुवारी जे सांगितलं ते उंदरांचं. माणसांच्या बाबतीत मी जरा घाईच केली."

"दोनदा घाई केलीत म्हणजे."

"हो. दोनदा."

"जळलं तुमचं शिक्षण," एनिको म्हणाली. आवाज ओला होता.

मातिल्डने फोन परत ओढून घेतला. "ऐकलंस ना? आता ये. शेवयांचा गोळा होईल. आणि येताना व्हिनेगर आण, संपलंय." तिने सांध्याने बटण दाबलं.

 खिडकीबाहेर शेजारचा माणूस चर्चमधून परतताना सायकल ढकलत गेला.

"पटलं का तिला?" तोर्दाईने विचारलं.

"छे. ती काय लहान आहे? पण येत नाही असं म्हणाली नाही. एवढं बस झालं." मातिल्ड उठली. दोन्ही मनगटांच्या मध्ये धरून तिने तिसरी ताटली उचलली आणि कपाटात परत ठेवली. "तिची बस पावणेएकला येते. तुम्ही त्याआधी निघा."

तोर्दाईने कोट घातला. मंगळवारची माफी अजून मागायची राहिली होती. दारात तो थांबला, पण मातिल्डची पाठ त्याच्याकडे होती. ती पुन्हा चूल पेटवत होती, काडी दोन तळहातांमध्ये धरून.